बडोद्यात नवीन आहोत, मॉल सोडून बघण्यासारखं काय आहे?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. नवऱ्याची बदली झाली म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर नाशिकहून बडोद्याला आलो. भायलीला फ्लॅट घेतलाय भाड्याने, सोसायटी छान, पाणी चोवीस तास, रस्ते मोठे, तक्रार करावी असं काही नाही. पण दर रविवारी संध्याकाळी आम्ही काय करतो तर मॉलला जातो, वर फूडकोर्टात बसतो आणि परत येतो. मुलगा दुसरीत आहे, तो आता मॉलचं नाव काढलं की तोंड वाकडं करतो. सासूबाईंना तर अजिबातच करमत नाहीये, त्यांचं रोज सकाळचं घाटावर जाणं, ओळखीच्या बायका, भाजीबाजार सगळं एकदम बंद झालं ना, त्या दिवसभर गॅलरीत बसून समोरच्या बांधकामाची क्रेन बघतात.

सोसायटीत विचारलं तर सगळे एकच सांगतात, स्टॅच्यू ऑफ युनिटी करून या. ते करूच हो, पण ते शहराबाहेर झालं. मला शहरात काय आहे ते हवंय. लक्ष्मी विलास पॅलेस माहितीये, तो सोडून सांगा. माझ्याकडे स्कूटी आहे, गाडी नवरा घेऊन जातो. सासूबाईंचे गुडघे दुखतात त्यामुळे फार जिने नकोत. आणि मराठी वस्ती कुठे आहे म्हणतात ती नक्की कुठे? गायकवाडांचं शहर म्हणून आलो आणि इथे लिफ्टमध्ये सगळ्यांशी हिंदीत बोलतेय 😅

जुनाबडोदेकर

ताई, तुम्ही भायलीत राहता आणि बडोदं शोधताय तिथेच सगळं आलं. भायली, वासणा, गोत्री हा भाग नवा, छान आहे पण तो कुठल्याही शहरात असतो तसाच आहे. बडोदं आहे ते चार दरवाज्यांच्या आत. लहेरीपुरा, पाणी गेट, चांपानेर आणि गेंडी गेट, आणि मधोमध मांडवी. एका रविवारी सकाळी लवकर, म्हणजे दुकानं उघडायच्या आत, रिक्षा करून लहेरीपुरा दरवाज्याला उतरा. स्कूटी नेऊ नका, दहा वाजल्यानंतर मंगळ बाजारातून स्कूटी काढणं म्हणजे शिक्षा आहे. सकाळी रस्ता मोकळा असतो तेव्हा मान वर करून दोन्ही बाजूची घरं बघा, लाकडी कोरीव खांब, सज्जे, खाली साड्यांची दुकानं आणि वर कुणाचं तरी वाळत घातलेलं धोतर. जवळच न्यायमंदिर आहे, अगदी अलीकडेपर्यंत तिथे खरोखर कोर्ट चालायचं. तिथून सूरसागर पायी पायी. तळ्याच्या मधोमध महादेवाची प्रचंड मूर्ती आहे, काठावर बसायला जागा आहे, सासूबाईंना घाट आठवेल थोडा.

आणि मराठी वस्ती म्हणाल तर दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, बारानपुरा ही जुनी नावं. दांडिया बाजाराच्या बाजूला तांबेकर वाडा आहे तो मात्र अजिबात चुकवू नका. भाऊ तांबेकर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इथले दिवाण होते, त्यांचा वाडा, आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. बाहेरून बघाल तर म्हणाल की हे काय, गल्लीतलं जुनं घर. वरच्या मजल्यावरच्या खोलीत गेलात की भिंतीचा एक इंच मोकळा नाहीये, दारांवरसुद्धा चित्रं. महाभारत आहे, कृष्णलीला आहे, मराठ्यांची इंग्रजांशी लढाई आहे, मधेच गोऱ्या मडमा आहेत. आणि बहुतेक वेळा तुम्ही एकटेच असता तिथे, पॅलेसला रांग आणि इथे कुणी नाही. जिना मात्र अरुंद आहे, सासूबाईंना खाली बसवावं लागेल.

टिकल्या

+१ तांबेकर वाडा

पण सकाळी जाताय तर उपाशी जा 😋 सेवउसळ खाल्ल्याशिवाय बडोद्यात राहिलात असं आम्ही मानत नाही. कीर्तिस्तंभाजवळ महाकाली सेवउसळ, बाकी गल्लोगल्ली आहेतच. वाटाण्याची उसळ, वर शेव, कांद्याची पात, तरी वेगळी देतात ती आपल्या हिमतीप्रमाणे ओतायची, सोबत पाव. आता तुम्ही नाशिकच्या म्हणजे मिसळीवरून भांडणार हे माहितीये, आधी खा मग भांडा. येताना रावपुऱ्यातून दुलीरामचे पेढे आणि लीलो चिवडो. लीलो चिवडो म्हणजे बटाट्याचा ओलसर चिवडा, गोड तिखट, कुरकुरीत नसतो त्यामुळे पहिल्यांदा लोकांना वाटतं सादळलाय, तो तसाच असतो

गोदाकाठची

@टिकल्या मिसळीवरून भांडणार नाही पण सोबत पापड देतात का एवढंच सांगा 😛

@जुनाबडोदेकर काका खूप धन्यवाद, वाड्याबद्दल इथे कुणीच बोललं नव्हतं. मुलासाठी काय? त्याला चित्रंबित्रं पाच मिनिटं.

कॅम्पसवाला

मुलाला कमाटी बागेत न्या. म्हणजे सयाजी बाग, पण रिक्षावाल्याला कमाटी बागच म्हणा. १८७९ ची बाग आहे, आत प्राणिसंग्रहालय, तारांगण, मुलांची गाडी आणि १८९४ चं म्युझियम. म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे आणि इजिप्तची ममी पण आहे, दुसरीतल्या मुलाला अजून काय पाहिजे. वरच्या पिक्चर गॅलरीत युरोपियन पेंटिंग्ज आहेत ती तुम्ही बघा तोपर्यंत तो देवमाशाचे मणके मोजत बसेल.

आणि खरी गंमत फुकट आहे. काळा घोडा पुलावर उभं राहून खाली विश्वामित्रीच्या काठाकडे बघा. आता थंडी सुरू होतेय, सकाळी ऊन पडलं की मगरी काठावर येऊन पडतात. खऱ्या मगरी, भर शहरात. लगेच दिसत नाहीत, चिखलाच्या रंगाच्याच असतात, एक दिसली की मग दुसरी दिसते. आणि पूर आला की त्याच मगरी रस्त्यावर आणि लोकांच्या अंगणात, २०२४ च्या ऑगस्टमधले व्हिडिओ बघितले असतीलच. त्यामुळे नदीकाठी खाली उतरायचं नाही, पुलावरूनच बघायचं, मुलाचा हात धरून.

मी युनिव्हर्सिटीत आहे म्हणून अजून एक. आर्ट्स फॅकल्टीचा घुमट येता जाता बघाच, चिझम या इंग्रज वास्तुविशारदाचं काम. लक्ष्मी विलासचं काम मँटने सुरू केलं, तो वारला मग याच चिझमने १८९० ला पुरं केलं. आमच्याकडे फाइन आर्ट्सला प्रदर्शनं चालू असतात, आत येऊन बघायला कुणी अडवत नाही. पॅलेस सोडून म्हणालात पण पॅलेसच्या आवारातलं फतेहसिंह म्युझियम सोडू नका, राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, कॅलेंडरवर आयुष्यभर बघितलेली चित्रं एवढी मोठी असतात हे तिथे कळतं. फक्त सोमवारी बंद.

वाघोडियारोड

थोडं वेगळं मत देतो, राग मानू नका. मराठी वस्ती शोधायला दांडिया बाजारात जाल तर निराश व्हाल. पाट्या दिसतील, एखादा वाडा दिसेल, गणपतीत दणका दिसेल, पण बरीचशी मंडळी केव्हाच मांजलपूर, वाघोडिया रोडला फ्लॅटमध्ये गेली. आणि जी आहेत त्यांची मुलं घरात आईशी मराठी आणि भावंडांशी गुजराती बोलतात. माझ्या घरीच बघा ना, मुलगी मला "पप्पा शाकमध्ये मीठ कमी छे" म्हणते आणि आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही.

त्यापेक्षा गुजराती शिका, तुम्हाला तर अर्धी येतेच. लिपी म्हणजे आपलीच, डोक्यावरची रेघ काढून टाकलेली. क, ख, च, ज, फ एवढी पाठ केलीत की दुकानांच्या पाट्या वाचता येतात. व्हिटकोसच्या सिटी बसवरची पाटी वाचता आली की स्कूटीवाचून पण अडत नाही. सासूबाईंना खंडेराव मार्केटला घेऊन जा, १९०६ ची इमारत आहे, बाहेरून राजवाडाच वाटतो, आणि भाजीचा बाजार. तिथे भाजीवाल्या मासींशी भाव करताना सासूबाई आपोआप बोलायला लागतील. माझी आई साताऱ्याहून आली तेव्हा तशीच गप्प झाली होती, बाजारात भांडण झालं एकदा मेथीच्या जुडीवरून आणि तिथून गाडी सुटली. सोसायटीतल्या हिंदीने काही होत नाही, हिंदी दोघांचीही नाही ना.

उत्तरायणाला गच्ची सोडू नका. १४ आणि १५ जानेवारी दोन्ही दिवस अख्खं शहर गच्चीवर असतं, कुणी ना कुणी बोलावेलच, नाही बोलावलं तर स्वतःच जा. फक्त त्या दोन दिवसांत स्कूटी घरी, मांज्याने गळे कापतात.

जुनाबडोदेकर

@वाघोडियारोड निराश कशाला होतील? गुजराती शिकावी हे कबूल, शंभर टक्के. पण दांडिया बाजार संपला असं म्हणू नका हो, आम्ही अजून आहोत इथे. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत मराठी पुस्तकं आहेत, १९१० ला सयाजीरावांनी अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून सगळं उभं केलं. पुस्तकांच्या मजल्यांना जमीन काचेची आहे, वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत जावा म्हणून. काउंटरवर विचारा, दाखवतात का ते. सासूबाई वाचत असतील तर सभासदच करून टाका. आणि ताई तुम्ही नाशिकच्या, सयाजीराव तुमच्याच जिल्ह्यातले, मालेगाव तालुक्यातल्या कौळाण्याचे. बारा वर्षांचे असताना १८७५ ला दत्तक आले. बाहेरगावचा माणूस रुळत नाही असं या शहराबद्दल तरी म्हणता येणार नाही 🙂

निळाईक

काका, इथे थोडं थांबवतो तुम्हाला. याच शहरात १९१७ साली बाबासाहेबांना भाड्याने खोली मिळाली नव्हती. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला शिकून आलेला माणूस, संस्थानच्या नोकरीत रुजू झालेला, आणि राहायला जागा नाही. पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही जात कळल्यावर लोक लाठ्या घेऊन आले आणि बाहेर काढलं. गावात कुणी घर दिलं नाही तेव्हा कमाटी बागेत झाडाखाली बसून होते आणि तिथून रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. ती जागा म्हणजे संकल्प भूमी. दर २३ सप्टेंबरला तिथे महाराष्ट्रातून लोक येतात. गोदाकाठचीताई, मुलाला देवमासा आणि मगर दाखवून झाल्यावर तिथेही घेऊन जा, त्याच बागेशी आहे, दुसरीतल्या मुलाला एवढी गोष्ट नक्की समजते.

मी स्वतः २०११ पासून इथे आहे, शहर मला आवडतं, गरब्याला तर जीव टाकतो. पण घर शोधताना मलाही आडनाव विचारून मग "फ्लॅट गेला" सांगणारे भेटलेत. म्हणून फक्त सयाजीरावांची गोष्ट सांगून मोकळं होऊ नये असं वाटतं.

जुनाबडोदेकर

बरोबर आहे तुमचं. मी लिहायला हवं होतं त्याच्याशिवाय ते वाक्य अर्धवटच आहे.

रेवातीर

सासूबाईंसाठी एक सुचवते, कुणी लिहिलं नाही म्हणून. त्या दत्तभक्त असतील तर स्टॅच्यू ऑफ युनिटीला जाल त्याच दिवशी गरुडेश्वर करा, केवडियाच्या अगदी जवळ आहे. टेंबे स्वामींची समाधी आहे, १९१४ ला तिथेच देह ठेवला. खाली नर्मदा. आमच्याकडे नाशिक पुण्याचे पाहुणे आले की मुलं पुतळ्याच्या लिफ्टने वर आणि आजीआजोबा गरुडेश्वरला असं वाटून टाकतो. दुसऱ्या एखाद्या रविवारी चांदोद, संगमावर नाव मिळते. जाताना डभोईला थांबून हिरा भागोळ बघून घ्या, तेराव्या शतकातला दरवाजा आहे, कोरीवकाम बघून मान दुखते.

पावागड पण जवळ आहे, साधारण पन्नास किलोमीटर, पण गुडघ्यांचं म्हणालात ना, रोपवेने वर गेलं तरी पुढे पायऱ्या आहेत. खाली चांपानेरच्या मशिदी बघा त्यापेक्षा, २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, सपाटीवर आहेत आणि लोक सगळे धावत गडावर जातात त्यामुळे खाली गर्दी नसते.

टिकल्या

@गोदाकाठची पापड नाही देत. लिंबू देतात. चालेल का 😄

गोदाकाठची

चालेल, चालवून घेऊ!

बापरे एवढं सगळं, मी स्क्रीनशॉट काढून नवऱ्याला पाठवलेत. @निळाईक दादा, हे शाळेत वाचलं होतं पण ते इथलं हे डोक्यातच आलं नव्हतं, नक्की जाऊ. @रेवातीर सासूबाईंना गरुडेश्वर वाचून दाखवलं तर त्यांनी लगेच विचारलं की तिथे राहायची सोय आहे का, म्हणजे त्या आता चार दिवस तिथेच राहणार बहुतेक. खंडेराव मार्केट उद्याच करते, सकाळी किती वाजता भाजी ताजी असते? आणि ही सिटी बस भायलीहून स्टेशनपर्यंत थेट येते का बदलावी लागते?

वाघोडियारोड

भाजी सातच्या आत जा. बसचं असं करा, खाली उतरून सोसायटीच्या वॉचमनला विचारा, तो रोज त्यानेच येत असणार. गुजरातीत विचारा.