ड्रॉप घ्यायचाच असेल तर कागदांकडेही बघा

वर दोघातिघांनी लिहिलंय की, खेड्यातल्या पोरांनी ड्रॉप घेऊन, म्हणजे बारावीनंतर वर्षभर थांबून पुन्हा प्रवेश परीक्षेची तयारी करून, उपयोग नाही, कोटा-नागपूरचे क्लास परवडत नाहीत. मला हे पटत नाही. घरी बसून, लायब्ररीत जाऊन अभ्यास करणारी पोरं आमच्या तालुक्यात आहेत. पण आयआयटीसाठी बारावीचं वर्ष आणि त्याच्या पुढचं वर्ष, एवढेच दोन प्रयत्न मिळतात. त्यामुळे ड्रॉपचं वर्ष म्हणजे शेवटची संधी, हे घरच्यांना आधी सांगा. नीटला तशी मर्यादा नाही.

इथे कोणी न लिहिलेली गोष्ट दाखल्याची. आयआयटी-एनआयटीला केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी नॉन-क्रीमीलेअर (घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचा दाखला) लागतं आणि तेही त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं. मागच्या वर्षीचं चालत नाही. राज्याच्या सीईटीचं तर वेगळंच. माझ्या भाचीच्या वेळी सेतूवाल्याने राज्याचाच फॉर्म पुढे केला होता, तिच्या बाबांनी तिथेच अडवलं म्हणून बरं. आमच्या दिग्रस-पुसद पट्ट्यातली बंजारा मुलं राज्यात व्हीजे-ए (विमुक्त जाती), पण केंद्राच्या यादीत ओबीसी. कित्येक जण ‘आपण त्यात बसतच नाही’ म्हणून ओपनमधून फॉर्म भरतात, फार वाईट वाटतं. आणि नॉन-क्रीमीलेअरसाठी वार्षिक उत्पन्नाची आठ लाखांची मर्यादा बघताना शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, तेव्हा कापूस-तुरीच्या पैशांना घाबरू नका. एप्रिल लागला की तहसील गाठा, निकालाची वाट बघू नका.