मदत हवी आहे: पाण्याच्या पातळीचं अॅनिमेशन केलंय पण वादळ यायच्या आधीच पाणी नाचतंय

नमस्कार मंडळी, राहायला ऐरोली, कामाला महापे, पायथन येतं ते ऑफिसचे रिपोर्ट काढण्यापुरतं. बायको ठाण्यात ज्युनियर कॉलेजला भूगोल शिकवते, तिला वर्गात दाखवायचंय की वादळाने समुद्र फुगतो म्हणजे काय होतं, कारण पोरांना वाटतं सर्ज म्हणजे मोठ्या लाटा. खरं तर तौक्ते (मे २०२१) करायचं होतं पण इथला सहा-सहा मिनिटांचा डेटा काही मला सापडला नाही, म्हणून न्यूयॉर्कचं सँडी वादळ घेतलं, ऑक्टोबर २०१२ चं, नोआच्या (अमेरिकेची हवामान-समुद्र संस्था) साइटवर फुकट आहे. स्टेशनं तीन, बॅटरी (मॅनहटनचं टोक, सेलवाली नव्हे), किंग्ज पॉइंट आणि सँडी हुक, तारखा २५ ते ३१.

मोजलेल्या पातळीतून भरती-ओहोटीचा अंदाज वजा केला की उरतो तो सर्ज, इथपर्यंत जमलं. पण २५-२६ ला वादळ पार लांब असताना माझे सर्जचे खांब (दर स्टेशनला एक) दिवसातून दोनदा चक्क मीटरभर वरखाली होतायत, श्वास घेतल्यासारखे! बॅटरीला २९ च्या रात्री २.८७ मीटर सर्ज यायला हवा तेही जुळत नाही. डेटम (पातळी जिथून मोजतात तो शून्य) चुकला का? दोन रात्री गेल्या यात.

शिवाय सँडी हुकचं यंत्र २९ च्या संध्याकाळी पाणी चढत असतानाच बंद पडलं, मी पांडाजचं (पायथनची डेटा लायब्ररी) इंटरपोलेट, म्हणजे रिकाम्या जागा अंदाजाने भरणं, लावलं तर खांब तिथेच गोठून ३१ पर्यंत उभा. आणि रंग दर फ्रेमला बदलतात ते वेगळंच.

दिवाळेकर: डेटम नाही रे. डेटम चुकला असता तर सगळा ग्राफ सारखाच वर किंवा खाली सरकला असता, झुलला नसता. दिवसातून दोनदा झुलतोय म्हणजे एक फाइल जीएमटीत घेतलीयस आणि दुसरी तिथल्या लोकल वेळेत, ऑक्टोबरात चार तासांचा फरक पडतो. दोन्ही जीएमटीत घे.

सँडी हुकला इंटरपोलेट काढूनच टाक. पुढची माणसं बघणार आणि म्हणणार तिथे पाणी दोन दिवस हललंच नाही. नॅन (रिकामी नोंद) राहू दे, खांब राखाडी कर आणि वर लिही 'यंत्र बंद'. पोरं विचारतील का बंद, तोच अर्धा तास झाला बायकोचा. रंगासाठी व्हीमिन-व्हीमॅक्स (रंगपट्टीची खालची-वरची मर्यादा) एकदाच शून्य ते चार ठेव.

आणि नुसता सर्ज दाखवू नकोस. किंग्ज पॉइंटला सर्ज जास्त होता, ३.८६ मीटर, पण तो ओहोटीच्या आसपास आला. बॅटरीला कमी, पण नेमका भरतीवर आणि त्यात पौर्णिमेचं उधाण (मोठी भरती). आमच्या दिवाळे गावात म्हातारी माणसं वादळाचं कानावर आलं की आधी तिथी बघतात, उधाण आहे का भांग (लहान भरतीचे दिवस), ते उगाच नाही. खाली निळी भरती, तिच्यावर लाल सर्ज असे एकावर एक खांब कर.

मूळ धागाकर्ता: दादा, पाया पडतो. वेळच होती! अंदाजाची फाइल लोकल वेळेत होती, डाउनलोड करताना लक्षच गेलं नाही. आता २५-२६ ला खांब जवळपास सपाट, २८ पासून हळूहळू चढतात, आणि २९ ला लाल भाग असा उसळतो की बायको म्हणाली परत लाव. २.८७ पण आलं.

शेवटचं एक, सात दिवसांचे १६८० फ्रेम झालेत, चोवीसच्या वेगाने सत्तर सेकंद, पोरं तेवढं बघणार नाहीत. तासाचा अॅव्हरेज घेऊ का?

दिवाळेकर: अॅव्हरेज नको, शिखर कापलं जाईल. २५ ते २७ मध्ये दर दहावं रीडिंग घे, २८ पासून दर तिसरं आणि २९-३० पूर्ण ठेव (बॅटरीचं शिखर जीएमटीत ३० ला पडतं), फक्त कोपऱ्यात घड्याळ दाखव नाहीतर वेग बदललेला कळणार नाही.