‘साठी बुद्धी नाठी’तली ‘नाठी’ म्हणजे काय?

प्रश्न : हरिपूरला आजोबांकडं गेलो की ही म्हण हमखास कानावर पडते. हळदीच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, किती पोती उरली ते तोंडी सांगणारा माणूस. आता ‘जेवण झालं का?’ विचारलं तर म्हणतात, ‘श्रावण अजून लांब आहे.’ घरचे हसतात, मला वाईट वाटतं. ‘नाठी’चा अर्थ काय? आणि स्मृतिभ्रंश म्हणजे हेच का?

प्रतिसाद : नाठी म्हणजे नष्ट झालेली. संस्कृत ‘नष्ट’, प्राकृत ‘नट्ठ’, त्यावरून जुन्या मराठीतलं ‘नाठणे’. आज ते बहुतेक या म्हणीपुरतंच उरलंय. ‘स्मृतिभ्रंश’ गीतेच्या दुसऱ्या अध्यायात येतो, पण तिथं रागानं भान सुटण्याची गोष्ट आहे, आजाराची नाही. भ्रंश म्हणजे ढळणं, घसरणं. डिमेन्शियाला मराठीत आता हाच शब्द रुळलाय. म्हण मात्र सगळा दोष वयावर टाकते. मग ‘वय झालं, आता काय दाखवायचं’ म्हणून माणसं दवाखान्यात नेतच नाहीत.

प्रतिसाद : मी मिरजेत नर्स आहे. जेवण आणि श्रावण! आधी कान तपासून घ्या हो. ऐकू येईना की माणूस बोलणं टाळतो, चारचौघांत बसेनासा होतो, आणि ऐकू न येणं व एकटेपणा हे दोन्ही स्मृतिभ्रंशाचे जोखीम घटक आहेत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४च्या तज्ज्ञ आयोगानं असे १४ घटक सांगितले : रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचा धूर, नैराश्य, अधू नजर वगैरे. हे सगळे दूर झाले तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज. बी-१२ आणि थायरॉईडही बघा. त्यांच्या कमतरतेनं आलेलं विस्मरण उपचारानं सुधारू शकतं. आणि ‘जोखीम घटक’ला ‘कारण’ म्हणू नका. जोखीम आहे म्हणजे आजार होणारच, असं नाही.

प्रश्नकर्ता : दाखवून आणलं. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतंय, यंत्र बसवायचंय. रक्ताचे रिपोर्ट यायचेत. रात्री कानाशी तोंड नेऊन आजोबांनाच विचारलं, जोखीम म्हणजे काय? म्हणाले, ‘पेठेतनं येताना कमरेला बांधलेली रोकड. ती असली की दिवेलागणीच्या आत घर गाठायचो.’