शिवकालीन तळावरच्या शेकोटीसाठी कोणते वाद्य घ्यावे?

आशेवाडीचा_पाहुणा: डिसेंबरअखेरीस रामशेजच्या पायथ्याशी एका शेतात आमचा गट शिवकालीन वेशात रात्रीचा तळ टाकणार असून, शेकोटीभोवती पोवाडे म्हणण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मला गाता येते, परंतु वाद्य कधी वाजवलेले नाही. ध्वनिवर्धक नसेल आणि खर्चाची मर्यादा दोन हजार रुपये आहे. डफ घ्यावा का, आणि घेतल्यास कातडी की फायबरचा?

रविवार_कारंजा: कातडीच घ्यावा. माझा साडेचार हजारांचा आहे आणि त्याचा नाद ऐकून लोक मागे वळून पाहतात. स्वस्तातल्या डफाच्या वाटेला जाऊ नये.

निफाडची_थंडी: कातडी डफच घ्यावा, हे मान्य, मात्र डिसेंबरच्या दवाने कातडे सैल पडते आणि आवाज बसतो. तेव्हा डफ आपल्या तळव्याला सोसेल इतक्या अंतरावरून आचेवर फिरवत राहावा. आमच्या एका गड्याने तो निखाऱ्यांपाशी टेकवून ठेवला आणि त्याचा चहा संपण्याआधी कातडे कडेपासून टर्रकन फाटले.

पंचवटीकर: म्हणूनच फायबरचा घ्यावा. त्याला दव बाधत नाही.

बखरवाचक: रामशेजवर १६८२ पासून मोगलांचा वेढा होता, त्या गडाखाली फायबर वाजवणे शोभत नाही. एका मेळाव्यात तर कोणी पेटी आणली होती, जी एकोणिसाव्या शतकात युरोपात घडली. अफजलखानवधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा १६५९ च्या प्रसंगाचा आहे, त्याला पेटीची साथ कशी चालेल?

पंचवटीकर: आपण स्वतः चष्मा लावून आणि मोबाईल कमरेला खोचून मावळे होता, तेव्हा हा विचार कुठे असतो?

ढोलपथक_नाशिक: नाशिक ढोल आणावा. आमच्या पथकाचा आवाज गोदेच्या पलीकडे पोहोचतो.

शाहिरांची_नात: शेकोटीभोवतीच्या तीसचाळीस माणसांसमोर ढोल वाजवला, तर पोवाड्यातील एक शब्द कोणाच्या कानी पडणार नाही. संबळही सुचवू नये, कारण ती महिन्याभरात हाताला बसत नाही. माझे मत असे की डफ लय जाणणाऱ्या सोबत्याकडे द्यावा आणि आपण तुणतुणे घ्यावे. त्याला एकच तार असते, ती खुंटी पिळून आपल्या पट्टीत लावली की गाताना सूर सुटत नाही. मागे ‘जी जी रं जी’ म्हणणारे दोन झीलकरी आधीच तयार करावेत, कारण शाहिराला दम घ्यायला उसंत त्यांच्यामुळेच मिळते.

रविवार_कारंजा: तुणतुणे हे साथीचे वाद्य आहे. डफाशिवाय पोवाडा उभा राहत नाही, हे मी वर सांगितलेच आहे.

आशेवाडीचा_पाहुणा: सर्वांचे आभार. काल दुकानात डफ आणि तुणतुणे दोन्ही हातात घेऊन पाहिले, आणि शेवटी हलगी घेतली. किंमत मर्यादेपेक्षा थोडी अधिक पडली.

शाहिरांची_नात: हलगी दोन काड्यांनी वाजते, दोन्ही हात गुंतवून आपण गाणार कसे?

निफाडची_थंडी: आणि हलगीलाही शेक द्यावाच लागतो.