खूप वर्षांनी पुन्हा स्वतःसाठी लिहायला लागलेल्यांनो, तुमचं कसं चाललंय?

रानजाई
परवा फोनने आपणहून एक जुना फोटो पुढे केला, 'या दिवशी' म्हणून. मी, धाकटा भाऊ, मागे वाळत टाकलेली चादर. दोघंही पोट धरून हसतोय. कशाला हसत होतो, काही म्हणजे काही आठवेना. भावाला पाठवला, त्यालाही नाही.

त्याच्या कितीतरी आधीची माझी एक वही आहे. त्या काळातला फोटो एकही नाही. पण वहीत आहे, 'बाबांनी रेडिओत सेल उलटे घातले आणि रेडिओलाच बोल लावत बसले. आईच्या लक्षात आलं होतं, पण ती मुद्दाम बोलली नाही.' हे वाचलं आणि आईचा तो दाबून धरलेला हसरा चेहरा समोर आला.

मी दिवसभर ढिगाने टाइप करते, पण सगळं कुणाला तरी उत्तर म्हणून. कुणी काही विचारलेलं नसताना लिहिणं, तेच बंद पडलं होतं. आता परत सुरू केलंय. दोन ओळी झाल्या की हात फोनकडे जातो. मोठ्या खंडानंतर ज्यांनी पुन्हा वही उघडली त्यांनी लिहा ना. कसंही लिहा.

शाईचा_डाग
"कुणाला तरी उत्तर म्हणून" हे वाचून थबकलो. अगदी हेच.
माझा फोन लिहिताना दुसऱ्या खोलीत असतो. उलटा ठेवून, आवाज बंद करून भागत नाही, दिसला की संपलं.

सांजवेळ
माझं तर उलट आहे. वहीच नको वाटते, फोनवरच लिहिते, बाळ मांडीवर असतं, एकच हात मोकळा. विमान मोड लावते आणि बोलून टाइप करते. विरामचिन्हं येत नाहीत, जोडाक्षरांची वाट लागते, पण ते दुरुस्त करत नाही. बाळाने आज पहिल्यांदा स्वतःच्या सावलीला हात लावून बघितला, ते बोलून ठेवलं. उठलं, येते नंतर

गावकुसाबाहेर
हाताचं काय करता? पान भरायच्या आत अंगठा भरून येतो. अक्षर माझंच मला लागत नाही. 'ज्ञ' काढताना मध्येच थांबलो, पुढे कुठे वळवायचा?

शाईचा_डाग
@गावकुसाबाहेर पेन घट्ट धरताय. बॉलपेन दाबावं लागतं, शाईपेन नुसतं टेकवलं तरी चालतं. जुनं असेल तर काढा बाहेर.

गावकुसाबाहेर
आहे, पण शाई आत वाळून दगड झालीय.

शाईचा_डाग
निब आणि खालची जीभ कोमट पाण्यात रात्रभर ठेवा, पाणी बदलत राहा. कढत पाणी नको, प्लास्टिक वाकतं. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धीर धरा.

अनामिका
मी लिहिणं सोडलं ते फोनमुळे नाही. घरातल्या कुणीतरी माझी डायरी वाचली आणि चारचौघांत त्यातलं बोलून दाखवलं. त्यानंतर हातच उचलला नाही. आता लिहिते आणि लगेच फाडते. फाडायचंच आहे हे ठाऊक असलं की खरं लिहिलं जातं.

रानजाई
@अनामिका वाचून फार वाईट वाटलं गं. फाड, खुशाल फाड. ते लिहिणंही तुझंच.

सावळा
अनामिकाताई, कागद उरला नाही तरी उपयोग होतो. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं. काहींना साधे विषय दिले, काहींना आयुष्यातला मोठा आघात. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या चकरा पुढच्या काही महिन्यांत साधे विषय लिहिणाऱ्यांपेक्षा कमी राहिल्या. मात्र लिहून उठल्या उठल्या त्यांना जास्त वाईट वाटत होतं. आई गेल्यावर मी लिहायला बसलो तेव्हा तसंच झालं. ते सोसून पुन्हा बसलो म्हणून टिकलं. मन फारच जड असेल तर शेजारी कुणीतरी असू द्या.

अनामिका
🙏 हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, रडू येतं म्हणजे लिहिणं आपल्याला सोसत नाही.

जुना_कंदील
सॅम्युअल पेपिस हा लंडनचा गृहस्थ १ जानेवारी १६६० पासून रोजनिशी लिहीत होता. लघुलिपीत, अगदी मोकळेपणाने. प्लेग आहे, १६६६ ची आग आहे, घरातली भांडणंही आहेत. डोळे जातील या धास्तीने ३१ मे १६६९ ला त्याने ती थांबवली. डोळे गेले नाहीत. १७०३ पर्यंत जगला, पुढे उत्तर आफ्रिकेतल्या टँजियरच्या प्रवासात काही लिहिलंही, पण तशी सलग रोजनिशी पुन्हा झाली नाही. मला त्या मधल्या वर्षांची फार हळहळ वाटते. म्हणून म्हणतो मुलांनो, परत बसताय ते फार चांगलं करताय.

चांदणचुरा
काका, किती सुंदर माहिती! तुम्ही स्वतः लिहिता का?

जुना_कंदील
हो. हवा, भेटलेली माणसं, तब्येत. कधी एकच ओळ.

चांदणचुरा
माझा घोळ वेगळा आहे. मी मधली सगळी वर्षं लिहीत होते, पण लोकांसाठी. आता वहीत लिहितानाही वाक्य गोळीबंद करायला जाते, शेवटी टाळी घेणारी ओळ शोधते. कुणी वाचणार नसताना! परवा ठरवून नुसतं लिहिलं, 'आज बसमध्ये समोरच्या बाईंनी चष्मा पदराला पुसला, बघितला, परत पुसला.' पुढे काहीच जोडलं नाही. फार मोकळं वाटलं.

शाईचा_डाग
हे आवडलं. नजर परत येते आधी, भाषा मागून.
अजून एक. स्क्रीनवर खाली खाली सरकत राहतं ती युक्ती एझा रॅस्किन यांनी २००६ मध्ये काढली, पुढे त्यांनीच जाहीरपणे खंत व्यक्त केली. पूर्वी वेबपानाला तळ असायचा. वहीच्या पानाला अजून आहे. पान संपलं की मी उठतो.

सांजवेळ
झोपलं एकदाचं. बोलून टाइप करणारं इथे आणखी कुणी आहे का? 'सावली'चं 'साऊली' होतंय सारखं

गावकुसाबाहेर
पेन भिजत घातलं, पाणी निळंशार झालंय. मी डावखुरा आहे, लिहिलेलं हाताखाली फासतं, त्याला काय करू?

शाईचा_डाग
लवकर वाळणारी शाई घ्या, निब बारीक घ्या आणि वही थोडी तिरकी ठेवा, हात ओळीच्या खाली राहील. अक्षर कसं येतंय ते कळवा.