जुन्या पिकअपचे स्टिअरिंग सैल झाले आहे. सुरुवात कुठून करावी?

जुनीगाडी: माझ्या वीस वर्षे जुन्या पिकअपचे स्टिअरिंग मधल्या स्थितीत चार बोटे नुसतेच फिरते आणि मग कुठे चाके वळू लागतात. या महिन्यात एखादा किरकोळ सुटा भाग घेण्यापुरतेच पैसे आहेत, त्यामुळे संपूर्ण स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगचे फिरणे चाकांकडे पोचवणारी गिअरची पेटी) बदलण्याचा सल्ला कृपया देऊ नये.

दणकट: संपूर्ण बॉक्सच बदला. मी नवा बसवला तेव्हापासून गाडी एका बोटावर चालते. स्वस्तात भागवणारे शेवटी दुप्पट खर्च करतात.

ग्रीसगन: बॉक्सला दोष देण्याआधी एक तपासणी करा, तिला पैसे लागत नाहीत. गाडी सपाट जागी हँडब्रेक लावून उभी करा, इंजिन चालू ठेवा आणि कोणाला तरी स्टिअरिंग थोडेथोडे डावी-उजवीकडे हलवायला सांगून तुम्ही बाजूने वाकून एकेक सांधा पाहा, कारण टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा), ड्रॅग लिंक (बॉक्सकडून चाकांकडे जाणारा दांडा) किंवा पिटमन आर्म (बॉक्सला जोडलेला हात) यांपैकी ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तोच झिजलेला असतो. स्टिअरिंगच्या दांड्यावरचे रबरी कपलिंग आणि बॉक्सचे चॅसीवरचे बोल्टही पाहायला विसरू नका.

अर्धापाना: बॉक्सवरचा अ‍ॅडजस्टमेंट स्क्रू पाऊण फेरा आवळला की काम होते, असे मला कोणी सांगितले होते. प्ले, म्हणजे स्टिअरिंगचे हे नुसते फिरणे, गेला खरा, पण वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येईना. एका उतारावर मी जवळजवळ कठड्यातच गेलो होतो.

दणकट: म्हणूनच म्हटले, नवा बॉक्स घ्या.

चारचाक: टायरमधली हवा तपासली का? माझा दोष तिथेच होता.

ग्रीसगन: हवा कमी असेल तर स्टिअरिंग जड होते आणि गाडी भरकटते, पण चार बोटांचा प्ले तिने येत नाही. स्क्रूविषयीचा अनुभव मात्र योग्य आहे: बॉक्सची झीज मध्यभागी सर्वाधिक होते, त्यामुळे मध्य घट्ट केला की कडेच्या वळणांत बॉक्स अडकतो.

चारचाक: माझ्या गाडीचा प्ले हवेनेच गेला, एवढेच सांगतो.

अर्धापाना: स्टिअरिंग डँपर (हादरे शोषणारा दट्ट्या) लावून पाहा, हादरे तरी थांबतील.

ग्रीसगन: डँपरने झीज फक्त झाकली जाते. टाय रॉड एंड बदललात, तर स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घालायची खीळ) नवी घाला, तिचे भोक जुळवण्यासाठी नट उलटा सैल करू नका आणि नंतर अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणे) करून घ्या.

जुनीगाडी: तपासणी केली. डावा टाय रॉड एंड स्पष्ट हलतो, आणि बॉक्सचा एक बोल्टही सैल निघाला. बोल्ट आवळल्यावर प्ले दोन बोटांवर आला. टाय रॉड एंड आणि अलाइनमेंट दोन्ही एकदम परवडत नसल्यामुळे पुढच्या महिन्यापर्यंत गाडी उभीच ठेवणार आहे.

दणकट: उभ्या गाडीचे टायर खराब होतात. बॉक्सचे पैसे तेवढ्यात जमले असते.