‘विनाश टल माग’: चूक की नवा शब्द?

ताणाबाणा
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं माहितीपत्रक मी सेट केलं. कॉलम अरुंद. ‘विनाशटल माग’ म्हणजे शटल, आडवा धागा इकडून तिकडं नेणारा धोटा, नसलेला. रेपियर, एअरजेट वगैरे त्याचेच प्रकार. ओळ संपली तिथं सॉफ्टवेअरनं तोडलं: ‘विनाश-’, खाली ‘टल माग’. पुढं कुणीतरी पीडीएफमधून मजकूर उचलला, हायफन गेला, मोकळी जागा राहिली. आता दरपत्रकातही ‘विनाश टल माग’! परवा गिऱ्हाइकानं विचारलं म्हणे, “टल माग केवढ्याला?” माझं मत, मराठीत आपोआप हायफन टाकणं बंदच करा.

कडकभाकरी
एका शब्दापायी सगळंच बंद? अरुंद कॉलम हायफनशिवाय जस्टिफाय, म्हणजे दोन्ही कडा सरळ, करून बघा की ओ, दोन शब्दांमधून बैलगाडी जाईल. त्यापेक्षा शब्द बदला. ‘बिनधोट्याचा माग’. कुठंही तोडा, विनाश होत नाही.

ताणाबाणा
धोटा हातमागवाल्या म्हाताऱ्यांना कळतो, गिऱ्हाईक शटललेसच म्हणतं. आणि प्रश्न एका शब्दाचा नाही. ‘निरुपयोगी’ घ्या. निर् आणि उपयोगी. सांधा ‘रु’च्या पोटात, आणि ‘रु’ काही फोडता येत नाही. म्हणजे उपसर्ग सुटा करायला जागाच नाही! मशीनला उपसर्ग कळत नाही, ते अक्षर संपलं की तोडतं. ‘निरु-पयोगी’. वाचणाऱ्याला वाटावं, निरू नावाचा कुणी दूधवाला आहे. ‘अनुत्पादक’चंही तेच, ‘अनु-त्पादक’. तिथं तर ‘अनु’ हा दुसराच उपसर्ग उगवतो.

भुईकोट
असल्या चुकांतूनच शब्द जन्मतात. ‘असुर’ आधीचा, त्यातला ‘अ’ नकाराचा समजून मागाहून ‘सुर’ म्हणजे देव काढला. ‘विधवा’तल्या ‘वि’ला उपसर्ग मानलं आणि ‘धव’ म्हणजे नवरा तयार झाला. हेलिकॉप्टर मुळात हेलिको आणि प्टर, ग्रीकमधलं मळसूत्र आणि पंख. लोकांनी भलतीकडंच तोडून ‘कॉप्टर’ काढला, आज क्वाडकॉप्टर लग्नात शूटिंग करतोय. मग टल मागानंच काय घोडं मारलं?

कडकभाकरी
इथं मात्र मी ताणाबाणाच्या बाजूनं. सुरांना सुटे भाग मागवायचे नव्हते. दरपत्रकातला शब्द चुकला तर माल चुकतो.

भुईकोट
माल कशाला चुकेल? फोटो असतोय की शेजारी.

ताणाबाणा
फोटो होता. तरी आज कारखान्यात चौकशी आलीच: “टलचे सुटे भाग मिळतील का?” मालक मला विचारतायत काय कळवू. ज्या मागाला शटलच नाही, त्याचं टल कुठून आणू?